ईमान मोजायचं कुठल्या काट्यावर? मौलाना आझाद यांच्या जीवनातून एक धडा

९ ऑगस्ट १९४२ चा दिवस. मुंबईहून सकाळी सुटलेली एक खास रेल्वेगाडी घाट चढून लोणावळ्याला आली आणि आपल्या तळेगाव दाभाडे स्टेशनावरून पुढे गेली. तळेगावकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्या गाडीत त्या दिवशी जवळजवळ अख्खी काँग्रेस कार्यकारिणी कैदेत बसली होती. पुढे चिंचवड स्टेशनात गाडी थांबवून गांधीजी आणि त्यांच्या काही सोबत्यांना उतरवण्यात आले व आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. बाकीच्यांना घेऊन गाडी पुणे, दौंड करत अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला पोहोचली. या कैद्यांमध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. वय ५३ वर्षे.

आज तळेगावहून चाकण, शिक्रापूर करत नगरला जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या धावत असतात. या पट्ट्यात राहणारी, कंपनीत नोकरी करणारी आपली शेकडो कुटुंबे आहेत. अशाच एका कुटुंबाने काही दिवसांपूर्वी आम्हाला घरी बोलावले. कारण मौलानांचे नव्हते, कारण होते घरातला मुलगा. तरीही तिथून परत येताना आम्हाला सारखी मौलानांचीच आठवण येत राहिली. का, ते सांगतो.

एका घरातली गोष्ट

मुलाचं वय २३. डिप्लोमा झालेला, चाकणच्या बाजूला नोकरी, शिफ्ट ड्युटी. रमजान सुरू व्हायच्या आधी एके रात्री जेवताना तो म्हणून गेला की अल्लाह आहे की नाही हे आपल्याला खरोखर माहीत नाही, आणि माहीत नसताना माहीत आहे असं म्हणणं त्याला खोटेपणा वाटतो. झालं! दादी रडायला लागली. अम्मीने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी चाचा आले. चारचौघांत मुलाला कलमा पढायला सांगितलं. मुलाने एक शब्द न चुकता पढला. तेव्हा चाचा म्हणाले की हा नुसता तोंडाने पढतोय, दिलाने नाही. म्हणजे परीक्षा घेतली, मुलगा पास झाला, आणि परीक्षा घेणाऱ्यानेच निकाल मान्य केला नाही!

अब्बांनी आम्हाला विचारलं ते इतकंच: हा मुलगा आता मुसलमान आहे की नाही? त्याच्या निकाहची बोलणी चालू आहेत, समोरच्यांना काय सांगायचं?

आम्ही काही मुफ्ती नाही आणि हा लेख फतवाही नाही. पण या प्रश्नाच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न आहे. ईमान, इन्कार आणि शंका यांची व्याख्या करता येते का? आणि केली तरी ती एखाद्या माणसाला लावून तपासता येते का? यावर शेकडो पुस्तकं आहेत. आम्ही मात्र एका माणसाचं आयुष्यच समोर ठेवणार आहोत.

पीरजाद्याच्या मनातला काटा

मौलाना आझाद यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, तोही मक्केत. नाव मुहियुद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम आणि पीर, त्यांचे हजारो मुरीद. आई मदिनेच्या एका आलिम घराण्यातली. मौलाना लहान असतानाच कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिले. वडिलांनी मुलाला शाळेत घातले नाही. घरीच अरबी, फारसी, फिकह, मंतिक शिकवले. साधारण सोळाव्या वर्षी, ज्या वयात आपली मुलं दहावी करतात, त्या वयात त्यांनी दर्से-निजामीचा पूर्ण अभ्यासक्रम संपवला होता. लोक या मुलाच्या हाताचे चुंबन घ्यायचे. पुढे गादी त्याचीच, हे ठरल्यात जमा होतं.

बाहेरून पाहणाऱ्याने तेव्हा याचं ईमान तपासलं असतं तर? पैकीच्या पैकी मार्क! नमाज, रोजा, कुरआन, हदीस, घराणं, सगळं जागेवर.

पण आत वेगळंच चाललं होतं. ते स्वतः पुढे लिहितात त्यावरून कळतं की नेमकं याच वयात त्यांच्या मनात शंकेचा काटा रुतला. सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नापासून. सगळे मुसलमान एकाच अल्लाहचं, एकाच किताबचं नाव घेतात, मग एक फिरका दुसऱ्याला गुमराह आणि काफिर कसा काय म्हणतो? प्रत्येक जण आपणच खरे असे सांगतो, मग खरं ओळखायचं कशावरून? मग प्रश्न वाढला. फिरक्यांचं सोडा, जगात इतके धर्म आहेत, प्रत्येकाचा तोच दावा आहे, तिथे काय करायचं? त्याच काळात सर सय्यद अहमद खान यांचं लिखाण त्यांच्या हाती पडलं. वडिलांना सर सय्यद यांचे विचार बिलकूल मान्य नव्हते. मुलाने तरीही वाचलं, विज्ञान आणि तत्त्वज्ञान वाचलं, शब्दकोश जवळ घेऊन स्वतःच इंग्रजी शिकली. आणि एक वेळ अशी आली की वारशाने मिळालेलं काहीच हाती उरलं नाही. शंकेतून ते थेट इन्कारापर्यंत गेले. हे लपवलेलं नाही, त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

याच काळात त्यांनी आझाद हे टोपणनाव घेतलं. बापजाद्यांकडून आलेल्या समजुतींच्या बंधनातून आपण मोकळे झालो, हे सांगण्यासाठी. आज आपण ज्यांना आदराने मौलाना आझाद म्हणतो, त्या नावातला आझाद हा शब्द त्यांच्या शंकेच्या दिवसांतला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

आता विचार करा. त्या वेळी एखाद्या चाचांनी या मुलाला चारचौघांत उभं करून परीक्षा घेतली असती तर काय झालं असतं? त्याने कलमा तर अस्खलित पढला असता. त्याचे अर्थही परीक्षा घेणाऱ्यापेक्षा जास्त सांगितले असते. आणि तरीही आत काही नव्हतं. म्हणजे जिभेची परीक्षा खोटी ठरली असती. उलट त्याने मनातलं खरं सांगून टाकलं असतं, तर त्याला कायमचं बाहेर काढलं गेलं असतं. मग तर्जुमानुल कुरआन लिहिणारा माणूस आपल्याला कुठून मिळाला असता?

अर्ध्या कलम्यावर थांबलेला फकीर

१९१० च्या सुमारास, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, मौलानांनी एक लेख लिहिला तो सरमद यांच्यावर. सरमद हे सतराव्या शतकातले फकीर. मूळचे इराणकडचे, व्यापार करत सिंधमधल्या ठठ्ठ्याला आले आणि पुढे दिल्लीत राहिले. दारा शिकोह त्यांना मानायचा. औरंगजेबाच्या कारकिर्दीत, १६६१ च्या सुमारास, त्यांना मृत्युदंड झाला. त्यांच्याबद्दल जी हकीकत सांगितली जाते ती अशी की दरबारात त्यांना कलमा पढायला सांगितला, तेव्हा ते ला इलाह एवढंच म्हणून थांबले. म्हणजे कोणीही इलाह नाही, इथपर्यंत. पुढचा भाग, अल्लाहशिवाय, हा ते बोलेनात. आपण अजून नकाराच्या पायरीवरच आहोत, होकारापर्यंत पोहोचलो नाही, मग खोटं कसं बोलू, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

सरमद बरोबर की चूक, हा वाद आम्ही इथे काढणार नाही. आलिम लोकांचं त्यावर एकमत नाही. पण हकीकत लक्षात घ्या. चाकणला नोकरी करणारा आमचा मुलगा पूर्ण कलमा पढला आणि त्याला खोटं ठरवलं गेलं. सरमद अर्धा पढले आणि त्यांना गुन्हेगार ठरवलं गेलं. दोन्हीकडे परीक्षा एकच आणि दोन्हीकडे मनात काय आहे हे तिला कळलं नाही. स्वतः शंकेच्या आगीतून जात असलेल्या तरुण आझादांना लिहायला सरमदच का सापडले असतील, हे आता वेगळं सांगायला नको.

व्याख्या आहे, पण ती कुणासाठी?

याचा अर्थ ईमानची व्याख्याच नाही असं कोणी समजू नये. व्याख्या आहे आणि ती खूप विचार करून केलेली आहे. आपल्याकडे मुलांना मकतबमध्येच शिकवलं जातं: दिलाने खरं मानणं आणि जिभेने इकरार करणं. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या परंपरेत भर यावरच आहे. हदीसच्या इमामांनी त्यात अमलही धरला आणि ईमान वाढतं, कमी होतं असं सांगितलं. खारिजी म्हणून जो गट निघाला, त्याने मोठा गुनाह करणाऱ्याला थेट काफिर ठरवलं, आणि त्यातून मुसलमानांचंच रक्त सांडलं. मुर्जिआ म्हटले जाणारे लोक म्हणाले की निकाल अल्लाहवर सोडा. कुफ्र या शब्दाचा मूळ अर्थच झाकणं असा आहे. म्हणजे खरं काय ते कळल्यावरही त्यावर पांघरूण घालणं.

आणि ज्याला खरोखर कळलेलंच नाही, तो? त्याच्यासाठी इंग्रजीत शब्द आला तो १८६९ मध्ये. टी. एच. हक्सले या शास्त्रज्ञाने अॅग्नॉस्टिक हा शब्द घडवला. आपण मराठीत अज्ञेयवादी म्हणतो. पण त्यातही दोन जाती आहेत. एक म्हणतो, मला माहीत नाही. दुसरा म्हणतो, कोणालाच कधी माहीत होणार नाही. पहिला रस्त्यात उभा राहून पत्ता विचारतोय. दुसरा म्हणतो असा पत्ताच नसतो. दोघांना एकाच मापाने कसं मोजणार? तळेगावच्या त्या मुलाला आम्ही विचारलं, तू यातला कोण? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की आपण पहिल्यातले असू. घरात हा प्रश्न त्याला तोवर कोणी विचारलाच नव्हता.

व्याख्या असणं आणि ती समोरच्या माणसाला लावून निकाल देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५३ मध्ये लाहोर भागात दंगली झाल्या, त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांची समिती नेमली गेली. समितीने मोठमोठ्या आलिमांना मुसलमान कोण याची व्याख्या विचारली. १९५४ च्या अहवालात त्यांनी नोंदवलं की कोणत्याही दोघांचं उत्तर एकमेकांशी जुळलं नाही. या अहवालावर टीकाही खूप झाली. व्याख्या तोंडी विचारून, घाईत घेऊन असा निष्कर्ष काढणं योग्य नव्हतं, असं अनेकांचं म्हणणं आहे. ते खरंही असेल. पण कोर्टात व्याख्या मागितली की काय होतं, हे त्यातून दिसलंच.

यापेक्षा फार जुनी आणि आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे ती हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांची. लढाईत शत्रूने ऐन वेळी कलमा पढला, आणि हजरत उसामांना वाटलं की हा तलवारीच्या भीतीने पढतोय. त्यांनी त्याला ठार केलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. त्याचं काळीज चिरून आत पाहिलं होतंस का, अशा आशयाचा जाब त्यांनी विचारला. पुन्हा पुन्हा विचारला, इतका की हजरत उसामांना वाटलं, आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं. तो मुलगा नुसता तोंडाने पढतोय, असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्या चाचांनी ही हदीस पुन्हा एकदा वाचायला हवी.

आणि मनात येणाऱ्या शंकांचं काय? काही सहाबांनी (रजि.) येऊन सांगितलं की आमच्या मनात असे विचार येतात जे तोंडावर आणायलाही आम्हाला भीती वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना झिडकारलं नाही. ती घालमेलच ईमानची खूण असल्याचं त्यांना समजावलं. हजरत इब्राहीम (अ.) यांनीही, मेलेल्यांना जिवंत कसं केलं जातं ते दाखव, अशी अल्लाहकडे विनंती केली होती. दिलाला करार यावा म्हणून. कुरआनमध्ये ही गोष्ट आहे, आणि तिथे त्यांना दाखवण्यात आलं, हाकललं गेलं नाही.

नगरच्या किल्ल्यातली बारा माणसं

आता पुन्हा त्या रेल्वेगाडीकडे येऊ. अहमदनगरच्या किल्ल्यात एकूण बारा जणांना ठेवलं होतं. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. जवळजवळ पावणेतीन वर्षे ही मंडळी एकाच आवारात राहिली.

या यादीकडे जरा नीट पाहा. नेहरू हे अज्ञेयवादी म्हणूनच ओळखले जातात. नरेंद्र देव हे बौद्ध तत्त्वज्ञानाचे मोठे अभ्यासक, आणि त्या विचारात जग निर्माण करणारा ईश्वर धरलेला नाही. मौलाना कुरआनचे भाष्यकार. नेहरूंनी १९४४ मध्ये याच किल्ल्यात भारताचा शोध हा ग्रंथ लिहिला आणि त्यासाठी ज्यांच्याशी चर्चेचा फायदा झाला म्हणून आभार मानले, त्यात पहिलं नाव मौलानांचं आहे. नेहरूंच्या शंकेने मौलानांचं ईमान बाटलं नाही. मौलानांच्या ईमानमुळे नेहरूंना बोलायची चोरी झाली नाही.

इथेच मौलानांनी पत्रं लिहिली. आपले मित्र नवाब सद्र यार जंग हबीबुर रहमान खान शेरवानी यांच्या नावाने. तुरुंगाच्या नियमामुळे ती पाठवता आली नाहीत. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ती गुबार-ए-खातिर या नावाने पुस्तकरूपात आली. पहाटे तीन-चार वाजता उठून ते स्वतः चहा बनवायचे आणि लिहायला बसायचे. चहा, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, आवारात लावलेली फुलं, संगीत, सगळं त्यात आहे. आणि त्यातच आपल्या शंकेच्या दिवसांची कबुलीही आहे.

त्यात त्यांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. ती आमच्या शब्दांत अशी. आपण ज्याला धर्म म्हणतो त्यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ असते. एक धर्म वारशाने येतो, बापाचा म्हणून मुलाचा. एक धर्म मुलखाने येतो, त्या प्रदेशात सगळे तेच करतात म्हणून. एक धर्म जनगणनेच्या रकान्यातला असतो. एक धर्म रीतीरिवाजाचा, लग्न-मौतीपुरता. पण हे सगळे बाजूला काढल्यावरही धर्माचं एक सत्य उरतं, आणि मौलानांच्या मते त्यांना नंतर सापडलं ते हे उरलेलं. शंकेने त्यांच्याकडून घेतला तो वारशाचा धर्म. खरा धर्म मिळायला ती जागा रिकामी व्हावी लागली.

हे वाचल्यावर तपासणीचा सगळा घोळ उलगडतो. आपण तपासू शकतो ते पहिले चार. दाखल्यावर काय आहे, नाव काय आहे, खतना, निकाह, दफन कसं झालं, हे सगळं बाहेरून दिसतं. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांच्या पुढे धर्माची नोंदच नाही. त्यातले किती इन्कार करणारे, किती शंका असलेले, आणि किती जणांनी नुसता रकाना रिकामा ठेवला, हे ती जनगणना सांगू शकत नाही. जे कोट्यवधी लोक धर्म सांगून मोकळे झाले, त्यांच्या दिलात काय आहे हेही ती सांगत नाही. काटा खोटा नाही, पण तो पोतं मोजण्याचा काटा आहे. त्यावर अत्तराचा सुगंध मोजता येत नाही.

विज्ञानाबद्दलही मौलानांनी याच पत्रांत लिहिलं आहे. तत्त्वज्ञान शंकेचं दार उघडतं, पण ते बंद करणं त्याला जमत नाही. विज्ञान पुरावा देतं, पण जगायला लागणारा विश्वास देत नाही. धर्म तो विश्वास देतो, प्रयोगशाळेतला पुरावा जरी देत नसला तरी. स्वतः सगळी दारं ठोठावून परत आलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. म्हणून त्याला वजन आहे.

खरी परीक्षा झाली ती अशी

१९४३ च्या वसंतात कलकत्त्याहून बातमी आली की बेगम जुलेखा फार आजारी आहेत. बालवयात लग्न होऊन आलेली, आयुष्याचा मोठा भाग नवऱ्याच्या तुरुंगवासात एकटीने काढलेली ही बाई. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं की सरकारला काही विनंती करायची असेल तर करा, मी लगेच पुढे पाठवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही. ९ एप्रिल १९४३ ला तार आली. बेगम गेल्या होत्या. काही महिन्यांनी बहीणही गेली.

सोबतच्या लोकांना मौलाना शांत दिसले. दिनक्रम चुकला नाही. जेवणाच्या टेबलावर वेळेवर हजर. पाहणारा म्हणाला असता, काय हे ईमान, काय हा सब्र! पण मौलानांनी स्वतःच त्या पत्रात लिहून टाकलं आहे की वरवरची ती शांती टिकवायला आतून किती झुंजावं लागलं. अधिकाऱ्याच्या पावलांचा आवाज आला की कशी धडधड व्हायची, वर्तमानपत्र हातात घेताना जणू काही चिंताच नाही असं कसं दाखवायचे. त्यात थोडं सोंगही होतं, हेही त्यांनी झाकलं नाही. किल्ल्याच्या आवारात कुणाची तरी एक जुनी कबर होती. रोजच दिसायची. त्या दिवसांनंतर ती वेगळी दिसू लागली, असं ते लिहितात.

आम्हाला या सगळ्या आयुष्यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. अकरा हुशार माणसं दिवसरात्र सोबत असूनही या माणसाच्या दिलात काय चाललंय हे पुरतं ओळखू शकली नसती. त्याने स्वतः सांगितलं म्हणून कळलं. आणि सांगितलं ते तरी कसं? मी किती पक्का, असं नाही. मी किती डळमळलो, हे. ईमानची खरी तपासणी होते ती अशी. ती दुसरा कोणी घेत नाही. वेळ घेते, दुःख घेतं, आणि माणूस प्रामाणिक असेल तर तो स्वतः घेतो.

जून १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा कलकत्त्यात स्वागताला मोठी गर्दी होती. मौलाना आधी बेगमच्या कबरीवर गेले, फातिहा पढली, आणि मग बाकीचं.

लोकांनी मात्र त्यांचं माप घेणं सोडलं नाही. काँग्रेसचा शोभेचा मुसलमान म्हणून त्यांना १९४० मध्येच हिणवण्यात आलं होतं. ज्याने कुरआनच्या एकेका शब्दावर रात्री जागवल्या, ज्याच्या भाष्याची हस्तलिखितं पोलिसांच्या झडत्यांमध्ये गेली आणि ज्याने ती पुन्हा लिहिली, त्याला मुसलमानपणाचं प्रमाणपत्र द्यायला लोक तयार नव्हते! पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे. तिथून थोड्याच अंतरावर अर्ध्या कलम्यावर थांबलेल्या सरमदचीही कबर आहे.

तर मग घरी काय करायचं?

तळेगावच्या अब्बांना आम्ही जे सांगितलं तेच वाचकांना सांगतो. निकाहसारख्या गोष्टींसाठी जिभेचा इकरार पाहिला जातो, आणि शरीअतचा बारीक प्रश्न असेल तर तो जाणत्या आलिमांना शांतपणे विचारावा. मुलाने मुलीकडच्यांना अंधारात ठेवू नये, हेही तितकंच खरं. पण दिलाचा निकाल देण्याचं काम ना चाचांचं, ना आमचं. मुलगा मला माहीत नाही असं म्हणतोय, तोवर तो बोलतोय. ज्या दिवशी आपण त्याला गप्प करू, त्या दिवशी तो कलमा रोज पढेल आणि काहीच सांगणार नाही. ती हालत जास्त भीतीदायक आहे.

शंका घेणारा प्रत्येक मुलगा आझाद होईल का? नाही. काही परत येतात, काही येत नाहीत. हमी कोणी देऊ शकत नाही. पण दार उघडं ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे. मौलानांना परत यायला काही वर्षं लागली, आणि परत आल्यावर १९१२ मध्ये अल-हिलालमधून त्यांनी अख्ख्या पिढीला कुरआनकडे बोलावलं.

एक अडचण अब्बांनी काढली. मुलगा मराठी माध्यमात शिकलेला, त्याला उर्दू वाचता येत नाही. गुबार-ए-खातिर तो वाचणार कसा? आम्ही म्हटलं, तुम्हाला येते ना उर्दू? मग तुम्ही वाचून दाखवा. अवघड शब्द आले तर दोघं मिळून अर्थ शोधा. नंतर कळलं की फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ईशा झाल्यावर बापलेक अर्धा तास बसतात. मुलगा अजूनही वाद घालतो. दादी पलीकडे तसबीह घेऊन बसते आणि मध्येच विचारते की त्या चिमणीचं पुढे काय झालं.

अल्लाह आपल्या मुलांच्या दिलांना करार देवो, आणि आपल्याला त्यांचं ऐकून घेण्याचा सब्र देवो. आमीन.